साडूंच्या पोटातली बुरशी

रक्ताचा अहवाल हातात आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि समोर बसलेल्या खाटकाला विचारलं, "हे रक्त आहे की वितळलेलं लोणी?"

"ताजं आहे ना?" खाटीक धंद्याच्या सवयीने बोलून गेला.

शेजारी बसलेल्या बायकोने त्याला कोपराने ढोसलं. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. कोलेस्टेरॉल कुठल्या कुठे गेलंय, मांस निम्म्यावर आणा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. खाटकाचा चेहरा पडला. तीन पिढ्यांचं दुकान. मालकच आपल्या दुकानातला माल खाईनासा झाला, तर गिऱ्हाईक काय समजायचं ते समजणारच. त्याने हे बोलून दाखवलं, तसं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मग एक काम करा. आमच्या रुग्णालयात एक प्रयोग सुरू होतोय. त्यात नाव घाला."

प्रयोग असा होता. मोठाल्या पोलादी टाक्यांमध्ये एका जातीची बुरशी वाढवतात. ती वाफवतात, दाबतात, आणि तिला मांसासारखे धागे सुटतात. प्रथिनं भरपूर, चरबी थोडी, वर पोट साफ ठेवणारे तंतूही असतात, जे मांसात औषधालाही नसतात. तर प्रयोगातल्या निम्म्या लोकांना या बुरशीच्या वड्या मिळणार आणि निम्म्यांना खऱ्या मांसाच्या. आकार तोच, रंग तोच, मसाला तोच. कोणाच्या डब्यात काय, ते खाणाऱ्याला माहीत नाही आणि डॉक्टरीणबाईंनाही नाही. दोन महिने डब्यातलंच खायचं, बाहेरचं मांस बंद, आणि शेवटी पुन्हा रक्त तपासायचं.

खाटीक खो खो हसला. "बाई, डोळे बांधून नुसत्या वासावर मी सांगतो, मांस मानेचं की मांडीचं. मला बुरशी कळणार नाही?"

"कळली तर कळली. फक्त दुसऱ्या कोणाला सांगू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

हे त्याला जमण्यातलं नव्हतं.

बाहेरच्या बाकावर त्याचा साडू बसला होता. हा साडू शिंपी. त्याचं दुकान खाटकाच्या दुकानासमोरच, रस्ता ओलांडला की झालं. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, पण नवरे म्हणजे एक बैल आणि एक काडी. शिंप्याला जगातले सगळे आजार आळीपाळीने होत असत. शेजाऱ्याला शिंक आली की याला ताप भरायचा. आज तो डाव्या कानात वारा शिरतो म्हणून आला होता. प्रयोगात फुकट तपासणी आहे एवढं ऐकून त्यानेही नाव घातलं, आणि त्यात काय खायचंय ते घरी गेल्यावर बायकोकडून कळलं तेव्हा पलंगावर आडवा झाला.

"बुरशी? अगं, आपण बुरशी घालवायला औषध लावतो!"

"मिळेलच असं कुठंय? अर्ध्यांना मांस आहे," बायको म्हणाली.

"माझं नशीब तुला माहीत नाही का?" शिंपी म्हणाला आणि त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

पहिला डबा आला त्या दिवशी खाटकाच्या घरी अगदी समारंभ होता. त्याने वडी सुरीने कापली, उजेडात धरली, हुंगली, जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. बायको हात पुसत उभी राहिली.

"मांस," त्याने निकाल दिला. "मागच्या पायाचं. जनावर कोवळं. कापणारा मात्र शिकाऊ असावा."

"खात्री आहे?"

"अगं, गाढवाला गुळाची चव कळत नाही म्हणतात. मी गाढव आहे का?"

बायकोने डब्याला झाकण लावलं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती.

म्हणजे बुरशी साडूच्या वाट्याला आली, हे ओघानेच ठरलं. खाटकाने दुसऱ्याच दिवशी रस्ता ओलांडून साडूला ते सांगून टाकलं. शिंप्याला आधीच शंका होती, आता शिक्कामोर्तब झालं.

त्या क्षणापासून शिंप्याच्या अंगात बुरशी वाढायला लागली. निदान त्याला तरी तसं जाणवत होतं. सकाळी उठला की तो आधी आरशात कानामागे बघायचा, कुत्र्याची छत्री उगवलीये का म्हणून, आणि तिथे काहीतरी मऊ हाताला लागायचंही. ओल लागली की बुरशी फोफावते हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्याने अंघोळ आटोपती घेतली, पाणी घोट घोट प्यायला लागला आणि दुपारी दुकानाच्या पायरीवर उन्हात पालथा पडून राहू लागला. गिऱ्हाईक आलं तर तसाच पडल्या पडल्या माप घ्यायचा. सदऱ्याच्या खिशात त्याने डांबराच्या गोळ्या ठेवल्या. त्यामुळे तो जवळ आला की जुनं कपाट उघडल्यासारखं वाटायचं.

एके दिवशी तो धापा टाकत डॉक्टरीणबाईंकडे गेला. "बाई, झालं. बाहेर पडली."

"काय बाहेर पडली?"

"बुरशी. बेंबीतून. राखाडी, मऊ, केसाळ."

डॉक्टरीणबाईंनी त्याला झोपवलं, दिवा लावला, चिमटा घेतला आणि बेंबीतून एक गोळा अलगद बाहेर काढला. भिंगाखाली धरून बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "सध्या काय शिवताय?"

"ओव्हरकोट."

"राखाडी? लोकरीचा?"

"हो. का?"

डॉक्टरीणबाईंनी गोळा त्याच्या तळहातावर ठेवला. शिंप्याने तो चिमटीत चोळून पाहिला. लोकर उत्तम प्रतीची होती. पण तो हार मानणारा नव्हता. "ही लोकर असेल, पण हिच्या खाली बुरशीच असणार," म्हणत तो घरी आला.

इकडे खाटकाचं वेगळंच चाललं होतं. पहिल्या आठवड्यातच त्याच्या पोटात कोणीतरी सामान हलवतंय असं वाटायला लागलं. आधी गुरगुर, मग घरघर, आणि मग जे व्हायचं ते व्हायचं. घरी बायकोने खिडक्या उघड्या ठेवायला सुरुवात केली. दुकानात मात्र पंचाईत होती. समोर गिऱ्हाईक, हातात सुरा, आणि पळायला जागा नाही.

एकदा नेमक्या गायनबाई समोर उभ्या होत्या. गायनबाई म्हणजे गावभरच्या मुलांना गाणं शिकवणाऱ्या, धिप्पाड, प्रेमळ आणि कानाच्या फार तिखट. खाटीक वाकून मोठा तुकडा तोलायला घेतो न घेतो तोच लांबलचक आवाज झाला. 

"हा सूर कुठून आला?" गायनबाईंनी मान तिरकी केली. "जरासा उतरलेला होता."

"फ्रीज!" खाटीक लाल होऊन म्हणाला. "जुना झालाय हो. मधूनच असा करतो."

"दाखवून घ्या. श्वास पुरत नाहीये त्याला."

खोटं एकदा बोललं की त्याच्यामागे धावावं लागतं. खाटकाला खरोखर फ्रीज दुरुस्तीवाला बोलवावा लागला. तो दिवसभर फ्रीजला कान लावून बसला आणि संध्याकाळी म्हणाला, "शेठ, यंत्र ठणठणीत आहे. आवाज तुमच्या बाजूने येतोय."

पण हा त्रास हळूहळू ओसरला. पोट बसलं, आणि मग मजा सुरू झाली. खाटकाला जेवताना दुसऱ्यांदा वाढून घ्यावंसं वाटेना. दुपारी दुकानात डुलकी येईना. जिना चढून माडीवर गेला तरी बोलायला दम शिल्लक राहायचा, आणि तो बोलायचा. विजार कमरेवरून घसरायला लागली, तेव्हा तो ती घेऊन साडूकडे गेला. शिंप्याने टेप लावली, पुन्हा लावली, टेप उजेडात नेऊन तपासली.

"साडूबुवा, तुम्ही कमी झालात!"

"अस्सल मांस," खाटीक छातीवर हात मारून म्हणाला. "थोडक्यात पोट भरतं. लोक उगाच मांसाला नावं ठेवतात. मी रोज मांस खातोय आणि बघा कसा झालोय! आणि तुम्ही बघा, बुरशी खाऊन कसे सुकलात."

शिंप्याने खिशातली डांबराची गोळी चाचपली.

इथवर ठीक होतं. पण त्या दिवशी खाटकाला स्फूर्ती आली. त्याने रंगाऱ्याकडून एक पाटी करून घेतली आणि दुकानावर टांगली. पाटीवर ठळक अक्षरांत होतं, 'मांस खा, हलके व्हा!' बाजूला त्याचंच चित्र, मिशीसकट.

"अहो, निकाल तरी लागू द्या," बायको म्हणाली.

"निकाल माझ्या विजारीने दिलाय," खाटीक म्हणाला.

खाटकाला शेळी धार्जिणी म्हणतात, तशी गिऱ्हाइकं त्याच्याकडे चालून आली. त्यात सगळ्यात पुढे गायनबाई. त्यांचा मोठा गाण्याचा कार्यक्रम जवळ आला होता आणि त्यासाठीचा मखमली झगा शिंप्याकडे शिवायला होता. त्यांनी खाटकाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "खरंच मांसाने?"

"बाई, तुमच्यापुढे पुरावा उभा आहे."

"मग मला दुप्पट द्या."

प्रयोग संपला. रक्त दिलं गेलं. निकालाच्या दिवशी दोन्ही साडू आपापल्या बायका घेऊन डॉक्टरीणबाईंसमोर बसले. खाटकाने इस्त्रीचा सदरा घातला होता. शिंप्याने मृत्युपत्राबद्दल बायकोशी वाटेत थोडं बोलून घेतलं होतं.

"आधी रक्ताचं सांगते," डॉक्टरीणबाई खाटकाला म्हणाल्या. "कोलेस्टेरॉल चांगलंच उतरलंय. वजनही. अभिनंदन."

खाटकाने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. "मांस," तो म्हणाला.

"बुरशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कोणाच्या डब्यात काय होतं ते मला आज सकाळीच कळलं. तुम्ही पहिल्या दिवसापासून बुरशी खाताय. ते सुरुवातीचे आवाज होते ना, ते तंतूंमुळे. पोटाला सवय नसते. पोट लवकर भरायचं तेही त्यामुळेच."

खाटकाचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. खुर्चीत शिंपी सरळ झाला.

"आणि मी?"

"तुम्ही मांस. सगळे दिवस मांसच. तुमचं रक्त होतं तसंच आहे."

"मग माझ्या कानामागे काय होतं?"

"कान होता."

शिंप्याच्या बायकोने पदर तोंडात कोंबला. बहिणीकडे पाहिलं तर तिचे खांदे गदागदा हलत होते. शिंप्याला मात्र आपण वाचलो याच्या आनंदापेक्षा आपला आजार हिरावला गेल्याचं दुःख जास्त झालं. बराच विचार करून तो म्हणाला, "म्हणजे मला मांस सोसत नाही. मी म्हणतच होतो."

खाटीक अजून लढत होता. "हे शक्य नाही. डबे बदलले असतील. माझी जीभ खोटं बोलत नाही. डोळे बांधा आणि आणा दोन्ही!"

डॉक्टरीणबाईंना जेवायला उशीर होत होता, पण मोह त्यांनाही आवरला नाही. कपाटात दोन्ही प्रकारचे डबे उरले होते. शिंप्याने आपल्या गळ्यातला रुमाल काढून साडूचे डोळे करकचून बांधले. अशी संधी वारंवार येत नाही. पहिली वडी खाटकाच्या तोंडात गेली. त्याने दोनदा चावली आणि नाक मुरडलं.

"शी! बुरशी. ओलसर. तळघरात ठेवलेल्या जोड्याची चव."

 दुसरी वडी गेली. खाटकाच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"याला म्हणतात मांस. मागचा पाय. हे जनावर मोकळ्या कुरणात फिरलेलं, चांगल्या घरचं."

"हे जनावर पोलादी टाकीत फिरलेलं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि तो जोडा तुमच्या दुकानातून घेतला होता. प्रयोगाचं मांस आमचा स्वयंपाकी तुमच्याकडूनच न्यायचा."

खाटकाने डोळ्यांवरचा रुमाल काढला नाही. तो तसाच बसून राहिला, कारण रुमालाच्या आत निदान अंधार तरी होता.

दोन्ही जोडपी घरी निघाली. दुकानापाशी आल्यावर बायको थांबली आणि पाटीकडे बघत म्हणाली, "ही काढायची."

"काढतो. उद्या."

"आणि गायनबाईंना कोण सांगणार?"

खाटीक पाटीवरच्या आपल्याच मिशीकडे बघत राहिला. हा माणूस बढाईखोर होता, तोंडाळ होता, पण त्याने आयुष्यात तोलताना तागडीला बोट लावलं नव्हतं. शिळं कधी ताजं म्हणून विकलं नव्हतं. आणि इथे त्याने आपल्या मिशीच्या साक्षीने भलतंच विकलं होतं.

पाटी त्याने त्याच संध्याकाळी उतरवली. मग साडूला हाक मारली. शिंपी म्हणाला, "मी येणारच होतो. मला तो झगा पोचवायचाय. दोनदा उसवून मोठा केलाय. आता शिवणीत कापड उरलेलं नाही."

गायनबाईंच्या खोलीत पेटी होती, तंबोरा होता आणि मांजर होतं. बाईंनी झगा घालून पाहिला. दाराआडून श्वास ओढल्याचा आवाज आला, मग टाका तुटल्याचा. त्या बाहेर आल्या त्या काखेवर हात दाबूनच.

"शिंपीबुवा, कापड आटलं का हो?"

शिंप्याने खाटकाकडे पाहिलं. खाटकाने टोपी हातात घेतली.

"कापड नाही आटलं, बाई. मी चुकलो." आणि त्याने सगळं सांगितलं. बुरशी, टाकी, डोळे बांधून खाल्लेली वडी, तळघरातला जोडा, काही म्हणता काही लपवलं नाही. फ्रीजचंसुद्धा सांगून टाकलं.

गायनबाई ऐकत होत्या. त्यांचा चेहरा गंभीर होत गेला. फ्रीजचं आलं तेव्हा त्यांचा ओठ हलायला लागला, आणि मग त्या अशा हसल्या की दुसऱ्या काखेतलाही टाका गेला.

"अहो, मी घरी येऊन तो सूर पेटीवर शोधत होते!" त्या डोळे पुसत म्हणाल्या. "सापडला नाही."

"बाई, रागावलात तरी चालेल," खाटीक म्हणाला. उलट हसण्यानेच त्याला जास्त कानकोंडं झालं होतं.

"रागावलेच आहे. मला आता जिना चढताना तान घेता येत नाही, तुमच्यामुळे. तर मला नीट सांगा. ती बुरशी खाल्ली तर मी कमी होईन?"

आता मात्र खाटीक जपून बोलला. "मी काही सांगणार नाही. मी सांगितलं की काय होतं ते दिसतंय. डॉक्टरीणबाई म्हणतात, माझं कोलेस्टेरॉल उतरलं. मांस सोडून ती खाल्ली म्हणून. मांस खाऊन वर ती खाल्ली तर नाही. सुरुवात थोडक्याने करायची. आणि एखाद्याला ती सोसत नाही, अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात. तसं झालं तर तिथल्या तिथे बंद आणि थेट डॉक्टर."

"आणि ते आवाज?"

"पहिला आठवडा, बाई. माणसात बसू नये."

गायनबाईंनी विचार केला. "मग कार्यक्रमानंतरच," त्या म्हणाल्या. शिंप्याने त्यांच्या झग्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या मखमलीच्या उभ्या पट्ट्या बसवून दिल्या. कार्यक्रमात त्या इतक्या शोभून दिसल्या की पुढच्या महिन्यात चार जणींनी तसेच झगे शिवायला टाकले.

खाटकाने दुकान बंद केलं नाही. का करावं? मांस खाणारे खातच होते. पण त्याने फ्रीजचा एक कप्पा मोकळा करून त्यात त्या वड्या ठेवायला सुरुवात केली. धंद्यातले जुने मित्र त्याला चिडवायचे, "काय शेठ, कुंडीत मांस लावलंय म्हणे?" तो आधी चिडायचा. मग त्याने एकेकाला मागच्या खोलीत बसवून, डोळे बांधून, दोन वड्या खाऊ घालायला सुरुवात केली. एकाने टाकीतल्या बुरशीला तीन महिन्यांचं करडू ठरवलं. त्यानंतर चिडवणं थांबलं. खाटीक स्वतः घरी बहुतेक दिवस बुरशी आणि अधूनमधून मांस खायचा, आणि मांस खाताना हटकून म्हणायचा, "हं, हे ओळखलं मी," कारण बायकोने आधीच सांगितलेलं असायचं.

राहता राहिला शिंपी. मांस आपल्याला सोसत नाही, हे त्याने स्वतःच जाहीर केलेलं. बुरशीची धास्ती तर होतीच. त्यामुळे दोन्ही सोडून तो नुसत्या उकडलेल्या भाज्यांवर आला आणि आणखीच काडी झाला. शेवटी बहिणी-बहिणींनी ठरवून एका दुपारी त्याला खाटकाच्या घरी जेवायला बोलावलं.

टेबलावर वड्या होत्या. शिंप्याने खुर्ची मागे सरकवली.

"काय आहे हे?"

"बुरशी," खाटीक म्हणाला. "खोटं बोलत नाही."

"मी नाही खाणार. माझ्या अंगात उगवली तर?"

"साडूबुवा, मी दोन महिने खाल्ली. माझ्यावर काय उगवलं?"

शिंप्याने त्याला निरखून पाहिलं. कानामागे पाहिलं. मिशीही वर उचलून पाहिली. मग काट्याने वडीचा एवढासा तुकडा तोडला, डोळे गच्च मिटले आणि दुसऱ्या हाताने खाटकाचं मनगट पकडलं. खाटकाने सोडवून घेतलं नाही. तुकडा तोंडात गेला. दोन्ही बहिणी श्वास रोखून बघत होत्या.

शिंपी चावत राहिला. बराच वेळ.

"काय होतंय?" खाटकाने हळूच विचारलं.

"काहीच होत नाहीये," शिंपी म्हणाला. त्याच्या आवाजात थोडी निराशा होती. मग त्याने डोळे उघडले, मनगट सोडलं आणि ताटली पुढे केली. "मीठ कमी आहे. अजून एक वाढा."